माहेरच्या गेमवर घरची कॅसेट चढविली त्याची हकीगत

अखंडित-सुईदोरा-अलंकृत, कात्रीबहाद्दर राजश्री शिंपीराव यांणी जुन्या व्हिडिओ गेमवर स्वतः रचिलेला खेळ चालवावा म्हणोन घरीच कॅसेट बनविली, ते समयी कोण कोण खपले आणि कोणी पाणी उकळिले, हे आम्हांस कोणी पुसत नाही, सबब आम्हीच सांगतो. कमीजास्त जाहले असेल तर ते शिंपीरावांचे, आमचे नव्हे.

गेम बाईसाहेबांचे माहेरचा. लग्नात सोबत आला, आणि त्यावर बाईसाहेबांचे बंधूंची नजर तेव्हापासोनची. शिंपीराव दुकान बंद करोन घरी येत आणि कॉम्प्युटरवर खेळ लिहीत, त्यात एक शिंपी पळे, मागे गिऱ्हाइके पळत, आणि मध्ये बटणांचा डोंगर. परंतु कॉम्प्युटरातला खेळ गेमात उतरावा कैसा? बाजारची कॅसेट एकदा लिहिली ती लिहिली. मग मसलत ऐसी ठरली की, पुसून पुन्हा लिहिता येई ऐसी चिप आणावी, तीस तारा जोडाव्या आणि जुन्या कॅसेटीचे कवचात बसवावी. मग जेवणाचे टेबल काबीज करोन तेथे सोल्डरिंगचा मोर्चा लाविला, आणि मंडळी ओट्याशी उभी राहोन जेवू लागली.

त्या चिपेस पाठीवर काचेची खिडकी. तीतून अतिनील दिव्याचा उजेड आत गेला तरच जुने लिहिणे पुसते, आणि तैसा दिवा घरात एकच, पाण्याचे फिल्टराचे पोटात. शिंपीरावांणी फिल्टर फोडोन दिवा कैद केला, चिपेसह बिस्किटांचे डब्यात कोंडिला आणि झाकणावर हात ठेवोन पहारा केला. चिप कोरी जाहली, मग नवा खेळ तीत भरिला, आणि उजेड पुन्हा न शिरावा म्हणोन खिडकीवर सफरचंदाचे स्टिकर डकविले. इकडे बाईसाहेब रोज पातेल्यात पाणी उकळू लागल्या, आणि उकळता उकळता स्वतःही उकळल्या.

मग हुकूम सुटला तो ऐसा की, रविवारी आई येतेय, तोवर टीव्हीवर काही हललं तर ठीक, नाहीतर जाताना तिच्याबरोबर गेम दादाकडे पाठवून देईन, आणि टेबल आजच्या आज रिकामं कर. यापैकी टेबलाचे कलम शिंपीरावांणी ऐकिले नाही.

रविवारी सासूबाई दाखल जाहल्या. त्यांणी टेबल पाहिले, पातेले पाहिले, जावई पाहिले, आणि सोबत आणिलेल्या आपल्या कोटाची उसवलेली बाही तेवढी जावयांचे स्वाधीन करोन खुर्ची ओढली. शिंपीरावांणी कॅसेट चढविली, बटण दाबिले. पडदा काळा. फुंकर घालोन पुन्हा चढविली, तरी काळाच. तेव्हा बाईसाहेबांणी माळ्यावरून गेमचे रिकामे खोके काढोन आणिले, आणि शिंपीरावांचे तोंडचे पाणी पळाले, आधीच घरात पाण्याची ती दशा. त्यांस फार वाईट वाटले. लग्नाचे पहिले वर्षी दोघे याच गेमवर भांडत, हसत आणि भाजी करपवीत, ते सगळे आता खोक्यात भरोन मेहुण्याकडे निघाले ऐसे जाहले.

दुःखात हातास चाळा हवा म्हणोन ते कोटाची बाही घेवोन बसले, ती उलटी केली, खडूने खूण मारिली, आणि हात थबकला. शिंपी खूण मारतो ती नेहमी कापडाचे उलट बाजूने. त्याच सवयीने कॅसेटीचा नकाशाही उलट बाजूने आखिला गेला होता, डावीकडची तार उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे! कॅसेट उलटी शिवली होती. मग बाही जैसी सुलटी करावी तैसी कॅसेट फिरवोन, तिचे चित्र भिंतीकडे करोन चढविली.

पडदा उजळला आणि शिंपी पळू लागला. बाईसाहेबांणी खोके खाली ठेविले, आणि बघू म्हणोन कंट्रोलराकडे हात केला, तो सासूबाईंणी आधीच बळकाविला होता. सासूबाई बटणांचे डोंगराखाली वारंवार गाडल्या गेल्या. मग फर्मान निघाले की, जावईबापू, डोंगर जरा बुटका करा, तोवर मी काही हलत नाही. डोंगर बुटका करावा तर चिप पुसावी, चिप पुसावी तर दिवा हवा. शिंपीरावांणी बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेब उठल्या आणि पातेले गॅसवर चढवोन आल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गेम घरी कायम, आणि बंधूंस निरोप गेला की गेम येत नाही, आईही इतक्यात येत नाही. टेबल मात्र सुटले नाही, कारण बाईसाहेबांचे फौजेतल्या सासूबाई शत्रूस जाऊन मिळाल्या.