सुभेदारांची बिनआवाजी सहल

आमचे शेजारी सुभेदार तात्या जंगलातून बाहेर पडताना माणसांना चपला झाडायला लावत. “जंगलातलं जंगलात” हे त्यांचं ब्रीद. देवराईतली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हे आमच्या उंब्रज गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तात्यांनी तो नियम थेट मुंबईजवळच्या खाडीला लावला. तिथं समुद्राकाठी तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, राखीव रान आहे आणि त्यांच्या पलटणीतला एक जोडीदार तिथं वनरक्षक. एवढ्या भांडवलावर तात्या दरसाल एस.टी. ठरवून गावाला निसर्ग दाखवायला नेत.

निसर्ग म्हणजे काय, तर गुडघाभर चिखल आणि चिलटं. एवढं मुंबईपर्यंत जायचं आणि चौपाटी नाही, सिनेमा नाही. त्यात बोलायची बंदी. कुणी खोकलं तरी तात्या डोळे वटारत, “ए, चिप्प.” एका वर्षी पाटलीणबाईंच्या ओच्यात शिंपला निघाला, तर तो परत ठेवायला हे रणरणत्या उन्हात माघारी चालत गेले आणि सगळं वऱ्हाड बसमध्ये भाजत बसलं. एरवी स्वतः चिखलाकडे तोंड करून, डोळे मिटून, ओठ हलवत बसायचे. आम्ही भाकरी खात एकमेकांना कोपरखळ्या मारायचो.

माझा खरा राग वेगळाच होता. पेन्शनीत आलो की दर्या दाखवीन, असं त्यांनी काकूंना कबूल केलं होतं. पेन्शन सुरू झाली आणि काकूंच्या अंगावरून वारं गेलं. बायको अंथरुणावर, आणि हा गृहस्थ तिला सुनेवर टाकून सहली काढतो! पोटात माया नसली की मिशाच वाढतात, असं मी आमच्या हिला सांगत असे.

त्या साली मी ट्रान्झिस्टर नेला होता. तात्यांनी तो बसमधून उतरतानाच जप्त केला. गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागायला मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. आतून गुळगुळ आवाज येत होता. डोकावलो, तर काकूंच्या खाटेपाशी उकिडवे बसून तात्या तोंडानं पाणी वाजवत होते.

“ह्ये भरतीचं पानी. तिवराच्या मुळात शिरतंय बग,” ते म्हणाले. मग “आता पाखरू” म्हणून त्यांनी ओठांना दोन बोटं लावून लांब शीळ घातली. ती मधेच फाटली.

“जमंना,” तात्या म्हणाले. “एकदाच वरडलं, आन् तवाच आपली मानसं हसाय लागली. फुडच्या साली नीट ऐकून येतो.”

काकूंचं तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द सावकाश आले.

“फुडचं साल कुनी बगितलंय? आसंच वरडा पुन्यांदा.”

ज्यांच्यापुढं सगळी बस खोकायला भीत असे, ते सुभेदार गाल फुगवून पुन्हा ओरडू लागले. चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता मी अंगणातून मागे फिरलो.