रामभाऊंची मकोय

औषध मागायला आलेल्याला औषध न देता परत पाठवण्यात आमच्या रामभाऊंचा हात अख्ख्या मोताळ्यात कोणी धरणार नाही.

रामभाऊ माझे शेजारी. एसटीत ड्रायव्हर होते, आता घरी एकटेच. अंगणात तेलाच्या जुन्या डब्यांत मकोय लावलेली. हे खरं तर बांधावर आपोआप उगवणारं झुडूप, वाटाण्याएवढ्या काळ्या फळांचं. तोंड आलं की पिकलेली फळं चघळायची, कोवळा पाला शिजवून भाजी करायची, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक. पण रामभाऊंकडे गेलं की आधी उलटतपासणी. किती दिवसांपासून? दुसरं कोणतं औषध चालू हाय? सुनेसाठी नेत असाल तर ती पोटुशी तर नाही? मग एकेक फळ उजेडात धरून बघायचे. देठाशी जरा हिरवं दिसलं की बाद. "हिरवं म्हंजे जहर," हे त्यांचं पालुपद. एवढं होऊन हातावर चार फळं पडायची. तोवर मागणाऱ्याचं तोंड आपोआप बरं झालेलं असतं, असं माझी बायको म्हणते.

मागच्या वर्षी माझेच डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटलं की मकोयचा रस, हे लहानपणापासून ऐकलेलं. वाटी घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली, वाटी काढून घेतली आणि मला तसंच स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत मी चिडून विचारलं, दारात औषध असताना ही वरात कशाला? त्यांनी स्कूटरचा वेग वाढवला. रक्त तपासायला देऊन आम्ही बाकावर बसलो, तेव्हा म्हणाले,

"शांतीले मी आठ दिवस रस पाजला, गुरुजी. नवव्या दिवशी इथं आणलं. डॉक्टर म्हणे, आधी काऊन नाही आणलं?"

शांती म्हणजे त्यांची बायको. माझी इथे बदली होण्याआधीच ती गेली होती. मी बाकावर त्यांच्याजवळ सरकून बसलो.

पुढे महिनाभर मी घरी पडून होतो. रामभाऊ रोज संध्याकाळी यायचे, मला दाराच्या उजेडात बसवून डोळे तपासायचे आणि चहा घेत, घाटातल्या गाड्यांच्या गोष्टी सांगत जेवणवेळेपर्यंत बसायचे. एके दिवशी डोळे बघून म्हणाले, "पांढरे झाले." रिपोर्टही चांगला आला होता. मी हसलो, पण ते टोपी हातात फिरवत उभेच राहिले.

"मंग उद्या येऊ का," त्यांनी हळूच विचारलं, "असाच?"