अरुणाची मांडी निर्यात झाली

गेल्या आषाढात अरुणा म्याकलची मांडी परदेशी गेली. अरुणा सोलापुरातच राहिली.

त्या वर्षी शहराच्या पूर्व भागातल्या बऱ्याच बायकांच्या मांड्या गेल्या. बाहेरचा स्वस्त टॉवेल बाजारात आला तसे इथले माग एकेक करून थांबले. अरुणाच्या नवऱ्याचा, नागेशचा माग भंगारात गेला. मग नव्या निर्यात केंद्राची गाडी गल्लीतून फिरू लागली. टॉवेल आता नकोत, मांड्या हव्यात, असं गाडीतला माणूस भोंग्यावरून सांगायचा.

केंद्रातले बिराजदार साहेब सज्जन होते. त्यांनी अरुणाला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तिकडच्या बायांना मांड्या नसतात का हो?" अरुणाने विचारलं.

"असतात की. पण फार महाग पडतात. तुमची स्वस्त आहे, शिवाय सवयीची आहे. पोर लगेच झोपतं."

"आणि माझी पोरगी?"

"केवढी आहे?"

"चार वर्षांची."

"मग झालीच की मोठी."

अरुणाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी तिला घेऊन तिकडंच गेले तर? मांडी तिथं, आम्हीपण तिथं."

साहेबांना वाईट वाटलं. "मांडीला परवाना मिळतो, ताई. माणसांना नाही मिळत."

काढताना दुखलं नाही. पाय जागेवर होते, चालता येत होतं. फक्त अरुणा बसली की मांडी होत नव्हती. विड्या वळायचं सूप ठेवलं की घसरायचं आणि तंबाखू सांडायची. ती सूप पाटावर ठेवू लागली. तिची पोरगी भार्गवी सवयीने येऊन बसली ती थेट फरशीवर आली. रडली नाही. वळून तिने अम्माच्या गुडघ्यांकडे पाहिलं, परकर झटकला आणि पुन्हा एकदा बसून पाहिलं. नंतर ती यायची थांबली.

केंद्राने घरोघरी स्पंजची एकेक मांडी भेट दिली होती. परदेशी बनावटीची, धुता येणारी. भार्गवीने तिच्यावर बाहुलीला बसवलं.

गेलेल्या मांडीवरचा भार मात्र अरुणाला कळायचा. तिकडे रात्र झाली की इकडे भर दिवसा कुणीतरी येऊन बसायचं, चुळबुळ करायचं आणि झोपी जायचं. मग अरुणाला उठवत नसे. शेजारणींचंही तसंच होतं. दुपारी गल्लीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यावर न हलता बसलेल्या असत, आणि भाजीवाला आरोळी न देता हातगाडी पुढे नेत असे.

मार्गशीर्षात एका दुपारी तो भार तापला. साडीतून चटका बसावा इतका.

"अहो, पोराला ताप आहे," अरुणा नागेशला म्हणाली. "केंद्रात जाऊन सांगा. कपाळावर ओली पट्टी ठेवा म्हणावं."

नागेश सायकलवर गेला आणि तसाच परत आला. "तक्रार तिकडून आली तर घेतात. इकडून गेलेली घेत नाहीत."

"तक्रार नाही हो. ताप आहे."

"तेही सांगितलं. साहेब म्हणाले, ताप आपल्या हद्दीत येत नाही."

अरुणा उंबऱ्यावर बसून राहिली. स्वयंपाक तसाच राहिला. रिकाम्या हवेत ती हात फिरवत होती आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती. ते अंगाईचे शब्द होते. भार्गवीने ते आषाढापासून ऐकले नव्हते. ती आतून आली.

"मुलगा आहे का मुलगी, अम्मा?"

"काय माहीत, बाळा."

भार्गवीने बाहुलीचं फडकं ओलं करून आणलं. अम्माच्या पायांवर ठेवलं तर ते घसरून खाली पडलं. तिने ते पुन्हा भिजवलं, आणि या वेळी दोन्ही हातांनी तिथेच धरून ठेवलं. हात भरून आले तरी सोडलं नाही.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा अरुणाला घाम जाणवला. तो तिचा नव्हता. भार हळूहळू निवला.

"उतरला," ती म्हणाली. "आता गाढ झोपलंय. हलू नकोस."

भार्गवीने फडकं आवाज न करता पिळलं आणि बाजूला ठेवलं. मग ती चवड्यांवर चालत मागे गेली आणि अम्माच्या पाठीला टेकून बसली. पाठ अजून कुणी मागितली नव्हती.