बहात्तर पांढरी पिल्लं

"सहा डुकरिणी, प्रत्येकीला बारा पिल्लं, म्हणजे बहात्तर! आणि सगळी पांढरीशुभ्र!" सरकारी पशुवैद्य डॉ. गोपाळराव मुळ्यांनी छप्पन सालच्या वैशाखात भर पानावर बसून ही घोषणा केली.

"अहो, जेवताना तरी डुकरं नकोत!" मंगलाबाई म्हणाल्या.

पण सगळं अडलं होतं ते डुकरांवरच. दिवाळीच्या सुमाराला मध्यभारत राज्य जाऊन नवा मध्यप्रदेश येणार होता. बदलीवर कोण भोपाळला जाईल आणि कोण बस्तरच्या जंगलात, देव जाणे! मंगलाबाईंना नुकतीच फ्रीगंजच्या शाळेत कायमची नोकरी लागली होती. देवास गेटपलीकडचा, गोपाळरावांच्या ताब्यातला वराहपालन फार्म चमकला, तरच मुळ्यांचा संसार उज्जैनला टिकणार होता.

म्हणून गोपाळरावांनी विलायती जातीचा नर मागवला. गुलाबी कानांचं पाच मणांचं ते धूड पाहून लोकांनी त्याचं नाव लाटसाहेब ठेवलं. देशी काळ्या डुकरिणी त्याच्यापुढे शेळ्या वाटत.

फार्मवरच्या अनसूयाबाईंचा जन्म डुकरं राखण्यात गेला होता. त्यांनी लाटसाहेबाला नीट न्याहाळलं.

"डाक्टरसाब, बच्चे माँ की कोख में पलते हैं. देसी पाँच-छह ही देगी, बाप कोई भी हो."

"किताब में बारह लिखा है, बाई!"

"वो विलायती माँ के होंगे." मग त्यांनी कळपातल्या मुन्नाकडे, चार महिन्यांच्या काळ्या देशी नर-पिल्लाकडे, बोट दाखवलं. "इसको अलग बाँध दूँ?"

"अरे, वो तो बच्चा है! नर आठ महीने में जवान होता है, छपा हुआ है! रहने दो झुंड में."

"किताब देसी ने थोड़े ही पढ़ी है," बाई पुटपुटल्या.

मे महिन्यात पारा एकशे दहावर गेला. लाटसाहेब वाळ्याच्या पडद्यामागे चिखलात आडवे झाले ते झालेच! अनसूयाबाई रोज सकाळी प्रत्येक डुकरिणीची पाठ दाबून बघत. जी खांबासारखी स्तब्ध उभी राही, ती माजावर आली. "ये आज, वो परसों." कधी चूक नाही! गोपाळराव मनातल्या मनात हात जोडत. शिकलो मी, पण विद्या या बाईची!

डुकरीण पुढे आणली की लाटसाहेब एक डोळा उघडत, धापा टाकत कसंबसं कर्तव्य उरकत आणि परत चिखलात. गोपाळरावांनी मात्र भय्यासाहेबांना, म्हणजे खात्याच्या संचालकांना, कळवूनही टाकलं: बहात्तर पिल्लं पाहायला यावे!

सप्टेंबरात तीन दिवसांत सहाही डुकरिणी व्यायल्या. गोपाळराव अनवाणीच धावले. पिल्लं तेहतीस! आणि सगळी तव्याच्या बुडासारखी काळी! पांढऱ्या बापाची पिल्लं पांढरीच होतात, हेही त्याच पुस्तकात छापलं होतं. तेवढ्यात दारात जीप थांबली.

"मुळे, ही पांढरी पिल्लं?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"साहेब, ती... उन्हानं जरा रापली आहेत!"

जन्माला येऊन फार तर तीन दिवस, तेही पावसाळ्यातले! गोपाळरावांची मान खाली गेली. बस्तरची झाडं दिसायला लागली.

अनसूयाबाईंनी मुन्नाला कानाला धरून पुढे आणलं. "साब, बाप ये है. गोरे का बीज गर्मी में जल गया. इसने चार महीने की उमर में, खुली धूप में, भूसी-चोकर खाके सब काम कर दिया!"

"छहों?"

"छहों! और तैंतीस के तैंतीस जिंदा."

भय्यासाहेबांनी डोक्यावरची हॅट काढली. मुन्ना त्यांचा बूट हुंगत होता.

"साहेब, बाईंनी मला आधीच सांगितलं होतं," गोपाळराव म्हणाले. "मी ऐकलं नाही. चूक माझी." हे म्हणताना लाज वाटली, पण मुन्नाचा आणि बाईंचा अभिमान त्याहून जास्त वाटला.

"अशी चूक आणखी चार ठिकाणी व्हायला हवी!" भय्यासाहेब गडगडाटी हसले. "फार्म उज्जैनलाच राहील!"

घरी पेढे आले. नोव्हेंबरात नव्या राज्याचा पहिला हुकूमही आला. गोपाळरावांनी तो मोठ्यानं वाचला: फार्म कायम. मुख्य नर म्हणून मुन्ना कायम. अनसूयाबाईंना बढती. "'विलायती नरास येथील उन्हाळा सोसत नाही. पचमढी आता आपल्याच राज्यात आल्याने त्यास तेथील थंड हवेत पाठवावे.' अगं, डुकराची बदली!" ते पोट धरून हसायला लागले.

मंगलाबाईंनी कागद हातात घेऊन उलटला.

"अहो, मागे अजून एक ओळ आहे. 'सोबत एक डॉक्टर.'"