सुर्रसाहेबांची निग्रोनी

"चवीचं तुम्ही माझ्यावर सोडा!" सुर्रसाहेब लिफ्टमध्ये म्हणाले, आणि म्हणताना त्यांची छाती एवढी फुगली की लिफ्टचं दार लागेना.

खरं तर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या ग्रंथपालबाई आपल्याच तंद्रीत बोलून गेल्या होत्या, "शनिवारची संध्याकाळ खायला उठते हो. आमचे हे होते तोवर शनिवारी निग्रोनी व्हायची घरात. आता एकटीसाठी कोण मांडामांड करणार!" शहाणा माणूस 'हो ना' म्हणून आपल्या मजल्यावर उतरला असता. साहेबही उतरले, पण येत्या शनिवारचं आमंत्रण देऊन! निग्रोनी हे पेय आहे की वाद्य, हेही त्यांना तोवर ठाऊक नव्हतं.

साहेब चहाच्या कंपनीत टी-टेस्टर. म्हणजे ओळीनं मांडलेल्या वाट्यांमधला चहा एकेक चमचा तोंडात ओढायचा, तोही पाटाचं पाणी भोवऱ्यात शिरावं तसा 'सुर्रर्र' आवाज करत. मग तोंडभर घोळवायचा आणि थू! पिकदाणीत. गिळायचा नाही. गिळला की जिभेचं मत बिघडतं, हा त्या धंद्याचा नियम. असं जन्मभर थुंकून त्यांनी भल्याभल्या मळ्यांचं नशीब ठरवलं होतं.

अडचण एवढीच, की माणूस ऑफिसाबाहेरही तसाच. एका ओळखीच्या बाईंकडे बोलणी जरा पुढं सरकायच्या बेतात होती. साहेबांनी त्यांच्या हातच्या चहाचा पहिलाच घोट सुर्रकन ओढला, जवळच्या कुंडीत टाकला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "पाणी फार उकळलंय." बोलणी तिथंच आटली. तेव्हापासून त्यांच्या घरात दोन खुर्च्या होत्या: एक साहेबांची, दुसरी वर्तमानपत्राची.

दारूच्या दुकानात ते शिरले ते थेट चाखायच्या काउंटरपाशी.

"निग्रोनीला काय काय लागतं?"

"सोपं आहे, काका," दुकानदार म्हणाला. "जिन, व्हर्मुथ म्हणजे मसाल्याची गोड लाल वाइन, आणि बिटर म्हणजे लाल कडू दारू. तिन्ही सारखं घ्यायचं. वर बर्फ आणि संत्र्याची साल. झालं!"

"झालं काय झालं! जिन कुठली?"

"कुठलीही चांगली."

"'कुठलीही' आणि 'चांगली' हे दोन शब्द एका घरात नांदत नाहीत," साहेब म्हणाले. "काढा बाटल्या."

सुर्रर्र! अख्खं दुकान वळून बघायला लागलं. थू! शोभेसाठी ठेवलेल्या बर्फाच्या बादलीत.

"अहो काका!"

"गप्प बसा. जिभेचं ऐकू द्या." साहेबांनी डोळे मिटले. "ही जिन फार सभ्य आहे. कडूसमोर तोंड उघडायची नाही. पुढची!" सुर्रर्र, थू! "ही म्हणजे नुसतं अत्तर. समारंभाला आलेली मावशी! स्वतः पोचायच्या आधी वास पोचतो. पुढची!" सुर्रर्र... आणि चेहऱ्यावर उजेड पडला. "ही मात्र भांडकुदळ आहे. ही टिकेल."

व्हर्मुथचं तेच. एक गोड, पण कणा नसलेलं. दुसऱ्याला कणा होता, पण स्वभाव आंबट. बिटरपाशी मात्र साहेब चांगलेच अडले. चांगलं कडूजहर बिटर त्यांनी पुन्हा पुन्हा नापास केलं.

"आता ह्यात काय वाईट आहे?" दुकानदार रडकुंडीला आला.

"जिभेवर येतं आणि लगेच निघून जातं. कडू कसं, थांबलं पाहिजे! येऊन लगेच जाणारे जगात काय कमी आहेत?"

दुकानदारानं बादली तेवढी बदलली.

पण दुकानातल्या चाचणीवर विसंबेल तो टेस्टर कसला! साहेब पास-नापास सगळ्या बाटल्या घेऊन घरी आले. धंद्याच्या शिस्तीप्रमाणे नाव बघून चव ठरवायची नसते. म्हणून प्रत्येक बाटलीला खाकी कागद गुंडाळला, वर आकडा टाकला, टेबलावर वाट्या मांडल्या, खाली बादली ठेवली. आणि रोज ऑफिसातून आलं की सुरू: सुर्रर्र... थू! सुर्रर्र... थू!

भिंत पातळ. दुसऱ्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. ग्रंथपालबाई!

"बरं नाही का तुम्हाला?"

साहेबांची पाचावर धारण बसली. शनिवारच्या आधी गुपित फुटलं तर गंमत काय राहिली? दार बोटभर उघडून ते म्हणाले, "काही नाही, घसा... जरासा..."

"जरासा? भिंतीपलीकडे माझं आतडं पिळवटलं!" म्हणत बाई गेल्या आणि साखर-मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. नंतर सूपही आणून दिलं. सूपमध्ये मीठ जास्त होतं, मिरी शिळी होती. साहेबांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत गिळलं आणि निकाल काही दिला नाही.

खरं सांगून टाकायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण खरं सांगितलं तर उद्या टकटक कशाला होईल? त्या दारावर वीजमीटरवाल्याशिवाय कुणी टकटक केल्याला काळ लोटला होता. तेव्हा पुढच्या संध्याकाळी साहेबांनी काय करावं? त्यांनी सुर्रर्र जरा मोठ्यानं केलं!

टकटक झाली. सूप आलं. त्याच्याही पुढच्या दिवशी 'थू'मध्ये थोडं कण्हणं मिसळलं, तेव्हा सूपबरोबर उशीही आली.

शनिवार उजाडला. निवड पक्की झाली होती. भांडकुदळ जिन, कण्याचं व्हर्मुथ, थांबणारं बिटर. आता बर्फ आणि संत्री तेवढी आणायची राहिली. साहेब शीळ घालत खाली उतरले, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या वहिनी वर आल्या.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. दर शनिवारी दुपारी दिराचं घर आवरायला येणारी, स्वतःची किल्ली बाळगणारी बाई. जिन्याच्या तोंडाशी ग्रंथपालबाईंनी त्यांना गाठलं.

"बरं झालं बाई तुम्ही आलात! आठवडाभर उलट्या होताहेत त्यांना. आणि सांगतील तर शपथ!"

वहिनी घरात शिरल्या. टेबलाखाली बादली. बादलीत लालभडक.

साहेब संत्र्यांची पिशवी हलवत परतले तर दारातच वहिनींनी हंबरडा फोडला. "भाऊजी! रक्त ओकताय आणि संत्री कसली आणताय!"

"रक्त नाही वहिनी, ओरडू नका! दारू आहे ती!"

वहिनी मटकन खाली बसल्या. "त्यापेक्षा रक्त बरं होतं हो!"

मग साहेबांनी सगळं सांगितलं. लिफ्ट, आमंत्रण, जिन, बादली, सूप. वहिनी ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू भुवईत उतरली, तिथून ओठात, आणि ओठात तिचं भलतंच काही झालं.

"म्हणजे बाई येणार आहेत? ह्या घरात? ह्या अवताराच्या घरात? भाऊजी, आधी तुम्ही दाढी करा! मी बघते बाकीचं."

दाढी करायला गेले, हीच साहेबांची चूक.

ते गुळगुळीत होऊन बाहेर आले तेव्हा खोली आरशासारखी लखलखत होती. वर्तमानपत्राच्या खुर्चीवरून वर्तमानपत्रं उठली होती. ओट्यावर बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. सगळ्या!

"वहिनी... बाटल्यांमधलं?"

"टाकेन होय मी? सगळ्या अर्ध्यामुर्ध्या, सगळ्यांना एकसारखे कागद. एका जगात भरून फ्रिजमध्ये ठेवलंय. केवढी जागा मोकळी झाली बघा!"

साहेबांनी जग काढला. भांडकुदळ आणि सभ्य, मावशी आणि कणा नसलेलं, थांबणारं आणि पळपुटं, सगळे एका जगात सुखानं नांदत होते. त्यांनी चमचा भरला. सुर्रर्र... थू!

"कसं आहे?" वहिनींनी विचारलं.

"गटार," साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात बेल वाजली.

दुकानात पुन्हा जायला वेळ नव्हता. बाई नीटनेटक्या होऊन आल्या होत्या. कानात छोटे मोती, हातात सूपचं भांडं. "आज तब्येत कशी आहे?" म्हणत त्या बसल्या, आणि टेबलावरचे ग्लास, बर्फ, संत्र्याची साल बघून त्यांची नजर तिथंच अडकली.

"तुम्ही खरंच केलीत?"

साहेबांनी मान खाली घालून ग्लास भरला. आयुष्यात प्रथमच नापास माल त्यांच्या हातून पुढं जात होता. बाईंनी एक घोट घेतला. दुसरा घेतला आणि ग्लास दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या.

"माफ करा," साहेब पुटपुटले. "मुळात निवड फार चांगली होती, पण..."

"ह्यांचीच!" बाई म्हणाल्या. डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "अगदी ह्यांच्याच हातची! ह्यांना कुठे हो काही निवडता यायचं? कपाटात उरलंसुरलं असेल ते सगळं ओतायचे. भयंकर व्हायची! मी दर शनिवारी नावं ठेवायची. अशी भयंकर पुन्हा कधी मिळेल असं वाटलं नव्हतं मला. कसं जमलं तुम्हाला?"

"मी केलं ते!" स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला.

मग काय विचारता! वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "खोकल्याचं औषध बरं हो याच्यापेक्षा," म्हणत त्यांनी अर्धा ग्लास संपवला. बाईंनी ह्यांचं सांगितलं: ते मोजायचे कसे नाहीत, बर्फ आणायला कसे विसरायचे, वर 'आज जमलीय' असं दर वेळी कसं म्हणायचे. वहिनींनी आपल्या नवऱ्याचं सांगितलं. दोघी खिदळल्या, दोघींनी डोळे पुसले. खुर्च्या दोनच, त्यामुळे साहेब ग्रंथपालबाईंनी दिलेली उशी घेऊन खाली बसले होते आणि बर्फ पुढं करत होते. कुणी त्यांचं मत विचारलं नाही. त्यांनीही दिलं नाही. निघताना बाई वहिनींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पुढच्या शनिवारीही तुमच्याच हातची हं!"

तो आठवडाभर दारावर टकटक झाली नाही. होणार कशी? साहेबांना मुळात काही झालंच नव्हतं, हे वहिनींनी त्या शनिवारी बाईंना सांगून टाकलं होतं. त्यांनी एकदा उगाच सुर्रर्र करून पाहिलं. पलीकडे पुस्तकाचं पान उलटल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही.

शनिवारी सकाळीच वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आज काही जमत नाही. घरी पाहुणे आहेत. जपून राहा, आणि थुंकू नका!"

संध्याकाळी साहेबांनी दुकानातून पुन्हा आणलेल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. आकडे टाकले नाहीत, चाखून बघितलं नाही. डोळे घट्ट मिटले आणि हाताला लागेल ती बाटली जगात ओतत सुटले.

बेल वाजली. दारात ग्रंथपालबाई होत्या, मोती घालून. साहेबांच्या खांद्यावरून त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"वहिनी आल्यात ना?"

चहातल्या भेसळीचा कणही ज्यानं कधी पुढं जाऊ दिला नाही, तो हा माणूस. त्यानं दार पूर्ण उघडलं.

"येतीलच एवढ्यात," साहेब म्हणाले. "बसा ना तोवर."