भिरूडकाकांची भजन मंडळी

भिरूडकाका हिंदी बोलू लागले की समोरचा माणूस आधी थांबतो, मग मान पुढे करून "जी?" म्हणतो. काकांचा सिद्धांत सोपा आहे. मराठी वाक्याच्या शेपटाला 'है' नाहीतर 'करो' लावलं की हिंदी तयार. भुसावळकडून रेल्वेच्या नोकरीवर झाशीला आले, सिग्नल खात्यात उभा जन्म काढला, निवृत्त झाले. सिद्धांत काही बदलला नाही. गल्लीतल्या एका पोराने चेंडू मारून त्यांची काच फोडली, तेव्हा काका त्याच्या बापाकडे जाऊन करड्या आवाजात म्हणाले, "इसको शिक्षा दो." बाप म्हणाला, "दे रहे हैं भिरूड जी, इंग्लिश मीडियम में डाला है." परत येऊन काका मला म्हणाले, "बापच असा, तर पोरगा काय करील?"

प्रेम नगरात आमची घरं समोरासमोर आहेत. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. त्यामुळे माझं हिंदी चोख आणि मराठी जुनाट. एकदा स्वयंपाकघराला मी मुदपाकखाना म्हणाले, तेव्हापासून मी त्यांची 'पेशवीणबाई' झाले. "काय पेशवीणबाई, मुदपाकखान्यात आज काय?" फाटकातून एवढी चौकशी झाली की मी शाळेत शिकवायला पळते. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, त्यानंतरही ही चौकशी चुकली नाही.

काकांचा जीव अडकलेला असतो तो वस्तीमागच्या छोट्या हॉल्ट स्टेशनात. बबीन्याच्या छावणीकडून येणारी पॅसेंजर तिथे घोटभर चहा होईल इतकीच थांबते. त्या हॉल्टचा इतिहास काकांना तोंडपाठ आहे, फक्त दर वेळी तो निराळा असतो. कधी म्हणे लष्कराच्या घोड्यांचं गवत उतरवायला तो बांधला, कधी म्हणे एका मडमेचा उतरताना पाय मुरगळला म्हणून फलाट आला.

"काका, परवा तर गवत होतं."

"घोडा मडमेचाच होता," काका म्हणाले.

गेल्या वर्षी हॉल्टच्या नूतनीकरणाचं काम निघालं. उंच फलाट, नवं छप्पर, स्टीलच्या खुर्च्या, भिंतीवर किल्ल्याचं चित्र. काका हरखून गेले. न बोलावता रोज कामावर हजर. किल्ल्याचा बुरूज कलला आहे असं रंगाऱ्याला सांगून आले आणि रंगाऱ्याने काय ऐकलं कोण जाणे, त्याने बुरुजावर एक मोर काढला.

मग कळलं की फलाटावरचा जुना सागवानी बाक भंगारात जाणार. काकांचं जेवण सुटलं. "तो बाक जाता कामा नये," एवढंच म्हणत राहिले. का, ते सांगेनात. मी म्हटलं, मी येते, सुपरवायझर तिवारी जींशी बोलते. तर म्हणाले, "रेल्वेच्या माणसाला रेल्वेत दुभाष्या? नको."

पुढचं मला तिवारी जींनी सांगितलं. मजुरांनी बाक ट्रकवर चढवला होता. काका धापा टाकत आले आणि ट्रकसमोर हात जोडून उभे राहिले. "तिवारी जी, ये बाक खाली रखो. हमारी मंडळी बैठती थी."

तिवारी जी भला माणूस. म्हातारबाबांच्या डोळ्यांत पाणी बघून त्याने ताबडतोब बाक उतरवला, घासूनपुसून पॉलिश केला आणि नव्या छपराखाली पक्का बसवला. पाठीवर सुंदर अक्षरात पाटीही रंगवून घेतली: 'भजन मंडली हेतु. कृपया खाली रखें.'

काम पूर्ण झालं त्या संध्याकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून मला बाक दाखवायला घेऊन गेले. खुर्च्या भरलेल्या, बायाबापड्या उभ्या, आणि बाक रिकामा. कुणीतरी त्यावर झेंडूची दोन फुलंही ठेवली होती. मी पाटी वाचली आणि पोट धरून हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पाटी पुन्हा वाचली.

"मंडळी म्हणजे आमची ही," ते म्हणाले. "खाली म्हणजे खाली. ट्रकवरून."

मग तिथेच उभ्याने त्यांनी सांगितलं. लग्न होऊन काकू आल्या तेव्हा त्यांना हिंदीचा एक शब्द येत नव्हता. दिवसभर घरात मुक्या. संध्याकाळी मटारच्या शेंगा घेऊन या बाकावर येऊन बसायच्या. "मी बबीन्याची ड्युटी संपवून पॅसेंजरने उतरलो की हात धरून बसवायची. दिवसभराचं मराठी साठवून आणलेलं असायचं. ते सगळं रितं झाल्याशिवाय घरी निघायची नाही. पुढे तिला हिंदी माझ्यापेक्षा बरं यायला लागलं, पण बाक काही सुटला नाही." त्यांनी नाक पुसलं. "कुणीतरी बसून बोलावं तिथे, एवढंच होतं हो. आता कोण बसणार?"

घरी कणीक भिजवायची होती, वह्या तपासायच्या होत्या. मी फुलं बाजूला केली आणि बसले.

गाठोडं घेऊन उभी असलेली एक म्हातारी लगेच म्हणाली, "बिन्नू, जा भजन मंडली की आय." बुंदेलीत म्हणजे, पोरी, हा भजन मंडळीचा आहे.

"अम्मा, मंडली यही है," मी म्हटलं, आणि काकांसाठी सरकले.

काका पाटीकडे बघत बाकाच्या अगदी कडेला टेकले. मी विचारलं, "काका, साठलंय का काही?"

पॅसेंजर आली, माणसं उतरली, गाडी गेली. मग काका हळूहळू बोलायला लागले. आज सकाळपासूनचं नाही, काकू गेल्या त्या दिवसापासूनचं.