सही डब्यात

दुपारी सव्वादोनला वकीलबाईंनी जेवणाच्या टेबलावरून हात फिरवला, लॅपटॉप उचलून खाली पाहिलं, पर्स उपडी केली आणि विचारलं, "माझी सही कुठे गेली?"

ही सही म्हणजे करंगळीएवढी निळी काडी होती. ती लॅपटॉपला खोचली की पेटंटच्या कार्यालयाला खात्री पटायची की अर्ज खरोखर वकीलबाईंनीच पाठवलाय. काडी नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज आजच जायला हवा होता. कारण उद्या सकाळी नऊ वाजता संशोधकाचे सर तीनशे डॉक्टरांसमोर त्याने शोधलेला नवा डबा उघडून दाखवणार होते. एकदा चारचौघांनी पाहिलेल्या वस्तूला नवा शोध म्हणता येत नाही. मग पेटंटच्या नावाने आंघोळच. त्यात वकीलबाईंना पाच वाजता परगावी निघायचं होतं.

संशोधक म्हणजे या घरचा मुलगा. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तो उपकरणं घडवायचा. दोन वर्षं खपून त्याने औषधांचा एक डबा तयार केला होता. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो नुसत्या तळव्याने दाबून उघडता यावा, आणि लहान मुलाला मात्र काही केल्या उघडता येऊ नये. आईबापांकडून गुपिताचा कागद लिहून घेऊन तो वॉर्डातल्या चाळीस मुलांना दिला. त्यांनी तो आपटला, चावला, एकाने तर त्यावर बैठक मारली. डबा ढिम्म हलला नाही.

"इथेच ठेवली होती मी जेवायच्या आधी," वकीलबाई म्हणाल्या.

"हो, इथेच होती," सूनबाई म्हणाली. "मग चिंगीच्या हातात होती."

चौदा महिन्यांची चिंगी आईच्या कडेवर बसून आईच्याच वेणीचं टोक चघळत होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले.

"नाही नाही, गिळली नाही! मी घेतली ना काढून. अगदी सुरक्षित जागी ठेवली."

सूनबाईच्या सुरक्षिततेबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. चिंगी रांगायला लागल्यापासून ती रोज सकाळी स्वतः गुडघ्यांवर रांगत घरभर फिरायची. उभ्याने केर काढणाऱ्याला दिसत नाही ते रांगणाऱ्याला दिसतं, असं तिचं म्हणणं होतं. सासरे अण्णा एकदा पेपर वाचत असताना ती त्यांच्या खुर्चीखालून गेली, तेव्हापासून तेही पाय वर घेऊन बसायचे.

"शाब्बास," संशोधक म्हणाला. "कुठे ठेवलीस?"

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?" त्याने विचारलं खरं, पण उत्तर त्याच्या चेहऱ्यावर आधीच आलं होतं.

"मग उघड की," अण्णा म्हणाले. "त्यात काय!"

संशोधकाने टेबलावरची बोटभर लांबीची स्टीलची पट्टी उचलून दाखवली. "ही दाबायची पट्टी. आकृती पाचमध्ये ती वेगळी दाखवायचीय, म्हणून तुम्ही जेवत होतात तेव्हा मी खेचून काढली. ती नसली तर झाकण उघडत नाही."

"परत बसव."

"बाहेरून निघते, अण्णा. बसवताना आतून आवळावी लागते."

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हणजे डबा उघडायला आधी डबा उघडायला पाहिजे."

"हो."

"आणि याला दोन वर्षं लागली तुला?"

फोडायचा तर प्रश्नच नव्हता. चाचण्यांमध्ये बाकीचे नमुने कामी आले होते. धड असा हा एकच उरला होता. अण्णांनी डबा कानाशी नेऊन हलवला. "एका काडीचा एवढा खुळखुळाट?" ते म्हणाले. सूनबाई पंख्याकडे बघू लागली. मग, चूक आपली आहे तर निस्तरायलाही आपणच हवं, असं म्हणून तिने चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावून आणलं.

तो उंबरा ओलांडणार तोच वकीलबाई आडव्या आल्या. "थांबा! डबा झाका आधी!"

सूनबाईने चिंगीचं दुपटं डब्यावर टाकलं.

"अर्ज जाईपर्यंत बाहेरच्या माणसाने लिहून दिल्याशिवाय डबा बघायचा नाही," असं सांगून वकीलबाईंनी दोन पानी कागद पुढे केला. इथे पाहिलेलं कुणालाही सांगणार नाही, असा त्याचा मतलब होता.

लोक असे कागद न वाचता सही करतात. किल्लीवाल्याने मात्र चष्मा पुसला, खुर्ची उजेडात ओढली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"हे 'कोणत्याही व्यक्तीस' म्हणजे बायकोपण आली का?"

"आली."

"ती विचारणार, एवढा वेळ कुठे होता. मग हा कागदच दाखवतो तिला."

"कागदसुद्धा दाखवायचा नाही."

"मग कठीण आहे," म्हणत त्याने सही केली. घड्याळात तीन वाजले. दुपटं निघालं. किल्लीवाल्याने डबा सगळ्या अंगांनी पाहिला, हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली आणि हात पुढे केला. "आता तुमचा कागद."

"कसला?"

"डबा तुमचा असल्याचा. मालकीचा पुरावा बघितल्याशिवाय परक्या कुलपाला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे."

"अहो, मी स्वतः बनवलाय तो!"

"मग कागद असेलच."

"तोच तर करतोय! त्याला सही लागते, आणि सही डब्यात आहे."

किल्लीवाला समजुतीने हसला. "साहेब, राग मानू नका. कागद आतच आहे, असं सगळेच म्हणतात."

"मी वकील आहे!" वकीलबाई कडाडल्या.

"तशाही आल्यात एकदोनदा."

"बरं, शेजाऱ्यांनी ओळख दिली तर?" सूनबाईने विचारलं. शेजाऱ्यांना बोलवायची गरज पडली नाही. समोरच्या मावशी दहा मिनिटांपासून दारातच उभ्या होत्या. त्यांनाही कागद दिला. वाचण्यात वेळ घालवला असता तर तेवढा वेळ डबा बघायचा राहिला असता, म्हणून मावशींनी उभ्या उभ्याच सही ठोकली.

"मावशी, सांगा ना यांना," संशोधक काकुळतीला आला. "हा डबा आमचाच आहे ना?"

मावशींनी डबा निरखला. "माणसं लाखात एक आहेत हो. पण डबा मात्र मी जन्मात पाहिलेला नाही. खोटं कशाला बोला?"

दोन वर्षं कसोशीने गुपित राखल्याचं हे फळ होतं. साडेतीन वाजून गेले होते. किल्लीवाला पिशवी आवरायला लागला. दोन वर्षांची मेहनत आपण आपल्या हाताने डब्यात घातली आणि वर झाकण लावलं, या विचाराने सूनबाईचे डोळे भरून आले.

"काका, एक विचारू? चोराला आत काय आहे ते माहीत असतं?"

"अंदाज असतो."

"आणि एकूण एक वस्तू? रंगासकट?"

किल्लीवाल्याचा हात थांबला. "तसं सांगितलंत तर तोच कागद समजेन मी. पण एक वस्तू जरी चुकली तरी मी चाललो."

"एकच वस्तू आहे," संशोधक घाईघाईने म्हणाला. "निळी काडी. एरवी डबा रिकामा आहे."

"रिकामा नाहीये," सूनबाई खाली बघत म्हणाली. "काका, लिहून घ्या. निळी काडी एक. तपकिरी बटणं दोन, एकाला दोरा आहे. मनगटी घड्याळाचा चपटा सेल. अण्णांच्या कानयंत्राचे जुने सेल तीन. सेफ्टी पिन, वाकडी. बुद्धिबळातलं काळं प्यादं. आणि कानातल्याची सोन्याची फिरकी एक."

संशोधकाने आ वासला. "तू माझा नमुना वापरतेस?"

"तीन महिने. तू तेव्हापासून नुसता अर्जच तर लिहितोयस. आणि चिंगीला उघडता येत नाही अशी दुसरी एक वस्तू दाखव मला या घरात!"

"माझं प्यादं?" अण्णा म्हणाले. "महिनाभर मी त्या जागी शेंगेचं टरफल ठेवून खेळतोय!"

मावशी काहीच बोलल्या नाहीत. ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही.

किल्लीवाल्याने पोलादाची एक पातळ पात काढली, बिजागरीच्या फटीत सरकवली, डोळे मिटले आणि मनगट जरासं वळवलं. झाकण उघडलं. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही.

"दोन वर्षं..." संशोधक पुटपुटला.

"मन मोठं करा साहेब. लहान मूल नाही उघडणार. मला शिकायला पंचवीस वर्षं लागलीत." मग त्याने एकेक वस्तू यादीशी ताडून दुपट्यावर मांडली. दोरावालं बटण निघालं, वाकडी पिन निघाली. शेवटी त्याने डबा उचलला आणि संशोधकाच्या पसरलेल्या हातांवरून पुढे नेऊन सूनबाईच्या हातात दिला. "पुरावा पटला. डबा बाईंचा आहे."

चार वाजत आले होते. वकीलबाईंनी काडी खोचली, पण बोटं मात्र तशीच थांबवली. "एक सांगा. मूल चोवीस तास तुमच्या कडेवर. मग डबा उघडत कसा होता?"

"कोपराने."

"तो तळव्याने उघडायचा असतो," संशोधक म्हणाला.

"तळवा मोकळा असतो का माझा?"

पट्टी बसवल्यावर सूनबाईने करून दाखवलं. एका हातावर चिंगी, दुसऱ्या हातात भांडं, जरा वाकून कोपराचा एक ठोसा. झाकण टपकन उघडलं. संशोधकाने अकरा वेळा प्रयत्न केला. त्याचं कोपर लाल झालं, डबा बंदच राहिला. "असं नाही रे, तिरकं," ती म्हणाली. बाराव्या वेळी उघडला.

वकीलबाईंची बोटं धावू लागली. "दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेला माणूस, बोटं नसलेला माणूस... अहो, अर्जातली सगळ्यात जोरदार गोष्ट ही आहे आणि ती अर्जातच नाही! हे सुचलं कुणाला?"

"सुचलं कसलं? हात नव्हता मोकळा."

"ज्याने शोधून काढलं त्याचं नाव घालावंच लागतं. नाहीतर उद्या पेटंट टिकणार नाही." त्यांनी संशोधकाकडे पाहिलं. त्याने कोपर चोळत मान हलवली आणि म्हणाला, "वर घाला तिचं. माझ्या वर."

चार अठ्ठेचाळीसला अर्ज गेला. पडद्यावर पोच आली तशी सूनबाईने चिंगीचा इतक्या जोरात मुका घेतला, की ती रडायलाच लागली.

"सुटलो!" वकीलबाई लॅपटॉप मिटत म्हणाल्या. "आता कुणाला काय सांगायचं ते खुशाल सांगा. तुमच्या सह्यांचं बंधन संपलं."

"बायकोला?" किल्लीवाल्याने विचारलं.

"तिलासुद्धा."

तो खूश होऊन जिना उतरला. मावशी मात्र दाराशी घुटमळत होत्या. त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती, आणि दुपट्यावर फिरकी कुठे दिसत नव्हती.

"मावशी, ती फिरकी तुमची होती का हो?" सूनबाईने विचारलं. "मागे तुम्ही बसायला आला होतात, त्या दिवशी सोफ्याखाली सापडली. कुणाची ते कळेना. बरं झालं, आता सांगा तुमच्या सूनबाईंना."

"नको गं बाई!" मावशी दचकल्या. महिन्याभरापूर्वी त्यांच्या घरातून याच फिरकीवरून आलेले आवाज आख्ख्या जिन्याने ऐकले होते. "तिनेच हरवली म्हणून मी... जाऊ दे ते. मी लिहून दिलंय ना? इथे पाहिलेलं कुणाला सांगणार नाही म्हणून? मग सुनेलाही नाही सांगणार. शब्द म्हणजे शब्द."

"अहो, पण बंधन संपलं," वकीलबाई म्हणाल्या.

"तुमचं संपलं असेल. मी सहीला जागणारी बाई आहे." आणि मावशींनी दार ओढून घेतलं.

अण्णा मघापासून काळं प्यादं बोटांत फिरवत बसले होते. हे प्यादं चोरल्याच्या संशयावरून त्यांनी आपल्या तीस वर्षांच्या मित्राशी बोलणं टाकलं होतं. त्यांनी खुर्ची हळूच वकीलबाईंकडे सरकवली आणि आवाज खाली आणला.

"वकीलबाई, तो सहीचा कागद एखादा उरलाय का हो?"